आठवं नाव

भाचीचा फोन आला तेव्हा कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती. "मावशी, मेजर काय घेऊ? मॅथ्स की फिजिक्स?" ना कशी आहेस, ना जेवलीस का. मी म्हटलं, थांब, गॅस बंद करते. गॅस बंद केला, डाळ कच्ची राहिली, आणि पुढचा पाऊण तास आम्ही बोलत बसलो. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे तू काहीच सांगितलं नाहीस." खरंच होतं ते.

ती नाशिकला एफ.वाय. बी.एस्सी.ला आहे. नव्या शैक्षणिक धोरणात आता एक मेजर असतो, एक मायनर असतो, शिवाय ओपन इलेक्टिव्ह, भारतीय ज्ञानप्रणाली आणि आणखी काय काय, प्रत्येकाची क्रेडिटं वेगळी. "दोन्ही घेता येतात गं," ती म्हणाली, "पण एक जण पाटावर बसतो आणि दुसरा वाढायला उभा राहतो." उपमा तिची नव्हे, तिच्या आजीची असणार. पण चपखल आहे.

मी पंचवीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं असणार असं सगळे धरून चालतात. दर जूनला कुणा ना कुणाचे आईवडील येतात आणि विचारतात, "मॅडम, कशाला स्कोप आहे?" या शब्दाचा मला मनापासून कंटाळा आहे. माझ्या आयुष्यात एकच स्कोप कामाचा ठरला, तो ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप. त्याच्याबद्दल सांगतेच.

आधी आमच्या वेळची पद्धत. पुणे विद्यापीठात तेव्हा एफ.वाय.ला चार विषय, एस.वाय.ला तीन आणि टी.वाय.ला एकच. चाळणी लावत न्यायची. एफ.वाय.ला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि चौथा कुठलातरी, एस.वाय.ला चौथा गळायचा, आणि टी.वाय.च्या तोंडावर उरलेल्या तिघांतल्या दोघांना नारळ द्यायचा. जो राहील तो 'स्पेशल'. हा शब्द फार चालायचा. "तुझा स्पेशल काय?" असं एसटीत शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा विचारायची. लग्नाच्या बायोडेटावर बी.एस्सी.पुढे कंसात तोच येणार, म्हणजे बाब गंभीर.

आमचं कॉलेज तेव्हाच्या नगर जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. मी अकरा किलोमीटरवरच्या खेड्यातून यायचे. साल १९९५. बारावीला इंजिनिअरिंगपुरते मार्क पडले नव्हते म्हणून बी.एस्सी.; आमच्या वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांची हीच कथा. केमिस्ट्रीचा वास मला सोसत नव्हता. उरले दोन.

घरी अण्णांनी निकाल दिला होता. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. ते म्हणाले, "गणित घे. बारा वाजता सुटतेस, एकच्या गाडीनं घरी." करिअर मार्गदर्शन म्हणून जे काही माझ्या वाट्याला आलं ते एवढंच. फिजिक्सला आठवड्यातले तीन दिवस दोन ते पाच प्रॅक्टिकल असायचं आणि शेवटची गाडी साडेपाचला. ती चुकली की संपलं. आमच्याकडे मॅथ्सला मुली जास्त का असायच्या याची चर्चा नंतर मी स्टाफरूममध्ये बरीच ऐकली: मुली चिकाटीच्या असतात, नीटनेटक्या असतात वगैरे. माझ्या मते निदान आमच्या कॉलेजपुरतं तरी उत्तर एसटीच्या वेळापत्रकात होतं. गणिताला लॅब नसते.

आता विषयांकडे वळते. सकाळी आठला गणिताचा तास, नवाला फिजिक्सचा, खोली तीच. गणिताचे सर 'डी वाय बाय डी एक्स' असं फळ्यावर लिहून त्याभोवती चौकट काढायचे आणि म्हणायचे, हा अपूर्णांक नाही. दिसतो तसा, पण नाही. ही एक सीमा आहे. वरचा तुकडा वेगळा, खालचा वेगळा, असं काही समजू नका. आम्ही तसं वहीत लिहून घ्यायचो. तासाभरानं फिजिक्सचे सर त्याच फळ्यावर न्यूटनचा शीतलनाचा नियम काढायचे, कपातला चहा कसा निवतो तो, आणि खालचा 'डी टी' बाक उचलून ठेवावा तसा उचलून समीकरणाच्या पलीकडे ठेवायचे. मग दोन्ही बाजूंना इंटिग्रलचा आकडा अडकवला की झालं. उत्तर बरोबर यायचं. चहाही त्याच उत्तराबरहुकूम निवायचा.

मी एकदा फिजिक्सच्या सरांना विचारलं, हे चालतं का? ते म्हणाले, "चालतं. फंक्शनं चांगली असतात आपली." 'आपली' हा शब्द त्यांनी ज्या सुरात उच्चारला तो मला अजून ऐकू येतो. पोरं चांगली आहेत आपली, वाईट संगतीत नाहीत, अशा थाटात. हेच मी दुसऱ्या दिवशी गणिताच्या सरांना सांगितलं. ते हसले. "चालतं हे मलाही माहिताय. का चालतं ते त्यांना विचार. सांगता आलं तर ते आपल्यातलेच झाले समज."

दोघंही 'आपलं' म्हणत होते, आणि मी मधल्या बाकावर.

ही भांडणं जुनी आहेत आणि त्यांत कुणी एक जिंकत नाही, हे पुढे कळलं. १८७२ मध्ये वायरश्ट्रास या जर्मन गणितज्ञानं असं एक फंक्शन मांडलं की जे कुठंही तुटत नाही, पण कुठल्याच बिंदूपाशी त्याला स्पर्शिका काढता येत नाही; नुसते काटेच काटे. पुष्कळांना ती निव्वळ विकृती वाटली. पण पाण्यात तरंगणारा सूक्ष्म कण इकडून तिकडे धडपडत जातो, त्या वाटेचं गणिती रूप नेमकं तसंच निघालं. म्हणजे निसर्गाची पोरं काही सगळीच सरळ नाहीत. उलट बाजूनं डिरॅक या भौतिकशास्त्रज्ञाचं डेल्टा फंक्शन घ्या: सगळीकडे शून्य, एकाच ठिकाणी अनंत, आणि खालचं क्षेत्रफळ मात्र एक. गणितवाले म्हणाले, अशी चीज असूच शकत नाही. फिजिक्सवाले ती बिनधास्त वापरत राहिले. शेवटी लोरां श्वार्त्झ या फ्रेंच गणितज्ञानं तिला राहायला रीतसर घर बांधून दिलं, आणि १९५० मध्ये त्यांना त्या कामासाठी गणितातलं मानाचं फील्ड्स पदक मिळालं. घर बांधायच्या आधी वीस वर्षं भाडेकरू राहून गेला होता.

हे सगळं भाचीला सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, मला सोमवारपर्यंत फॉर्म भरायचाय."

तर तो मायक्रोस्कोप. आम्हाला एस.वाय.ला 'न्यूटन्स रिंग्ज' नावाचं प्रॅक्टिकल असायचं. सपाट काचेवर किंचित फुगीर भिंग ठेवायचं, सोडियमच्या दिव्याचा उजेड त्याच्यावर पाडायचा आणि वरून मायक्रोस्कोपातून बघायचं. दिवा लावल्यावर आधी गुलाबी असतो. चार-सहा मिनिटांनी हळूहळू हळदीसारखा पिवळा होतो. डार्करूममध्ये सगळ्यांचे चेहरे त्या उजेडात कावीळ झाल्यासारखे दिसायचे. मग डोळा लावला की खाली काळी-पिवळी कडी दिसतात, एकात एक, बाहेर जावं तशी दाटत गेलेली. क्रॉस-वायर, म्हणजे मायक्रोस्कोपात दिसणारी तारेची फुली, एका कड्यावर आणायची, रीडिंग घ्यायचं, पुढच्या कड्यावर जायचं. स्क्रू एकाच दिशेनं फिरवायचा. मागे घेतला की बॅकलॅश एरर. चुकीलासुद्धा स्वतःचं नाव असतं, हे मला तेव्हा फार आवडलं होतं.

कड्यांच्या व्यासाचा वर्ग आणि कड्याचा क्रमांक यांचा आलेख काढला की सरळ रेघ येते. तिच्या उतारावरून पिवळ्या उजेडाची तरंगलांबी निघते. ती ५८९३ अँगस्ट्रॉम यायला हवी, हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं, त्यामुळे आमच्या बॅचमधल्या एकूणएक जर्नलात ती ५८९० आणि ५८९६ यांच्या मध्येच यायची. असो.

पुस्तकात लिहिलेलं असतं की मधला ठिपका काळा असतो. भिंगाच्या पोटावरून परतणारा किरण आणि खालच्या काचेवरून परतणारा किरण, या दोघांत दुसरा परतताना उलटा होतो. भिंग जिथं काचेला टेकतं तिथं दोघांच्या वाटेत फरकच नाही. एक सुलटा, एक उलटा, ते एकमेकांना पुसून टाकतात आणि तिथं अंधार. माझा ठिपका मात्र पिवळा आला. चांगला लख्ख. शेजारच्या मुलीचाही तसाच आला होता, पण तिनं जर्नलात काळा रंगवून टाकला. मी सरांना बोलावलं. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "धूळ असणार. भिंग टेकलेलंच नाही. स्पिरिटनं पूस." मी पुसलं. पुन्हा ठेवलं. डोळा लावला, आणि मधोमध काळा ठिपका. फिकट करडासुद्धा नाही, काजळाचं बोट टेकवल्यासारखा. डोळ्यांना न दिसणारा एक कण निघून गेला आणि पिवळ्याचं काळं झालं. त्या दिवशी साडेपाचची गाडी मी पळत जाऊन पकडली आणि अकरा किलोमीटर उभ्यानं आले, तरी मला ते जाणवलं नाही.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या सरांना हे सांगायला गेले. ते म्हणाले, आलेख दाखव. मी धुळीसकटचा आणि धुळीशिवायचा, दोन्ही रीडिंग दाखवले. त्यांनी माझ्याच वहीत दोन ओळी खरडल्या. भिंग जरा उचललं गेलं तर प्रत्येक व्यासाच्या वर्गातून तेवढीच ठरावीक रक्कम वजा होते; रेघ खाली सरकते, पण कलत नाही. "उत्तर तू कशावरून काढतेस? उतारावरून. म्हणजे दोन कड्यांची वजाबाकी करतेस, तिथंच धूळ गेली. पुसायची गरजच काय होती?"

मला अजूनही वाटतं की दोन विषयांतला फरक याहून नीट मला कुणी दाखवला नाही. एकानं सांगितलं पूस, दुसऱ्यानं सांगितलं वजाबाकी कर. दोघंही बरोबर. वजाबाकी जास्त देखणी, यात शंका नाही. भिंगाला हात न लावता बसल्या जागी धूळ नाहीशी करणं ही चीज काही औरच आहे. पण मला पुसायचं होतं. मला तो कण कुठं होता, केवढा होता, पुसला की काय होतं, यात रस होता.

आणि एक जरा कमी शोभेचं कारणही होतं, तेही लिहून टाकते. गणितात अडलं की माझ्याशिवाय दुसरं कुणीच जबाबदार नसायचं. सीमेची सिद्धता घ्या: एप्सिलॉन दिलेला आहे, त्याला पुरेल असा डेल्टा शोधा. नाही सापडला तर तो तिथंच असतो, तुम्हाला दिसत नाही, बस. कोऱ्या कागदासमोर दोन-दोन तास बसून मला स्वतःचा राग यायचा. फिजिक्समध्ये चुकलं तर निदान धूळ असते, व्होल्टेज कमी असतं, स्क्रू ढिला असतो. चूक वाटून घ्यायला कुणीतरी सोबत असतं. काहींना नेमकं उलटं वाटतं, हे मला माहीत आहे: जगानं आपल्या चुकीत लुडबूड करू नये, आपली चूक आपली असावी, असं वाटणारी मुलं मी पाहिली आहेत आणि तीच पुढे गणितात रमली. भाचीला मी हाच एक प्रश्न विचारला. अडलीस की तुला कुणाचा राग येतो? ती म्हणाली, "बाबांचा." तिथं विषय संपला.

आता जे सांगायचं आहे ते.

टी.वाय.ला मॅथ्स स्पेशल चालवायचं तर किमान आठ मुलं हवीत, असा आमच्या कॉलेजचा दंडक होता. फॉर्मच्या आठवड्यात सरांकडे सात नावं जमली होती. त्या रविवारी ते लुनावरून अकरा किलोमीटर तुडवत आमच्या घरी आले. पाऊस नुकता सुरू झालेला. पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली. अण्णांनी त्यांना बाजेवर बसवलं, आईनं चहा टाकला. मी आत, चौकटीला टेकून. सरांनी माझ्याशी फार बोलायचा प्रयत्नच केला नाही. अण्णांना म्हणाले, मुलगी हुशार आहे, तिचं नाव धरू का? अण्णांना कशाला विचारायचं, ते एकच्या गाडीवर आधीच बसले होते. "धरा की." सरांनी खिशातून कॅलेंडरचं फाडलेलं पान काढलं. मागच्या कोऱ्या बाजूला एकाखाली एक सात नावं होती. आठचा आकडा त्यांनी आधीच घालून ठेवला होता. त्यापुढे पेन्सिलीनं माझं नाव लिहिलं.

सोमवारी मी कॉलेजात जाऊन फिजिक्सचा फॉर्म भरला.

का, याची उत्तरं मी वर दिलीच आहेत: धूळ, एप्सिलॉन. पण त्या सोमवारी काउंटरपाशी उभी असताना मनात तेवढंच नव्हतं. माझ्याबद्दल दोन पुरुष बाजेवर बसून ठरवतात आणि मी चौकटीला टेकून ऐकते, हेही होतं. एकच्या गाडीचा राग होता. गणितावर माझा राग नव्हता, पण त्या दिवशी गणित त्या बाजेवर बसलेलं होतं.

बुधवारी नोटीस लागली: पुरेशा विद्यार्थिसंख्येअभावी गणित विशेष या वर्षी नाही. गेली तीस वर्षं कुणी विचारलं की मी सांगते, "आमच्याकडे मॅथ्सची बॅचच निघाली नाही, म्हणून मग फिजिक्स." अण्णांनाही तेच सांगितलं होतं. वाक्यातला एकही शब्द खोटा नाही. फक्त 'म्हणून' चुकीच्या जागी आहे.

सातांपैकी दोन मुलं नगरला गेली, बाकीची केमिस्ट्रीत आणि फिजिक्समध्ये पांगली. एक मुलगी मात्र कुठंच गेली नाही. तिच्या घरी एकची गाडी ही सवलत नव्हती, अट होती. पुढच्या मे महिन्यात तिचं लग्न झालं. ती टी.वाय. झाली असती तर पुढे काय झालं असतं, ते मी सांगू शकत नाही. कदाचित लग्नच झालं असतं, फक्त वर्षभरानं. मला आठवते ती तिची वही; तिच्या सिद्धतांखाली ती 'हेच सिद्ध करायचे होते' असं पूर्ण लिहायची, आम्ही सगळे 'हे.सि.क.हो.' लिहायचो.

अण्णा पुढे वर्षभर आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळी फाट्यावर सायकल घेऊन उभे राहायचे. एक शब्द बोलले नाहीत.

अशा गोष्टी मोठ्यांच्याही बाबतीत घडतात, हे खूप नंतर वाचलं तेव्हा मला हसू आलं आणि थोडं बरंही वाटलं. डिरॅक ब्रिस्टलला इंजिनिअरिंग करून, नोकरी मिळेना म्हणून, तिथंच गणित शिकत होते. शेवटच्या वर्षी शुद्ध की उपयोजित, हे निवडायचं होतं. ऑनर्सला विद्यार्थी दोनच: एक डिरॅक आणि दुसरी बेरिल डेंट नावाची मुलगी. तिचा आग्रह उपयोजित गणिताचा. दोघांसाठी दोन वेगळे तास कोण घेणार? मग डिरॅकही तिकडेच गेले. पाच वर्षांनी, १९२८ मध्ये, त्यांनी इलेक्ट्रॉनचं ते प्रसिद्ध समीकरण लिहिलं. गंमत म्हणजे पुढे केंब्रिजला त्यांची खुर्ची गणिताची आणि १९३३ चं नोबेल फिजिक्सचं. डेंटबाई पुढे मँचेस्टरच्या एका विद्युत कंपनीत गणिती कामं करत राहिल्या. मला या गोष्टीत डिरॅकपेक्षा त्यांचंच कुतूहल जास्त आहे. त्या ठाम होत्या. जागेवर दोनच मुलं असली तरी ठाम असलेल्याच्या मागे दुसऱ्याला जावं लागतं.

आपल्याकडेही या दोन विषयांमधली भिंत लोक समजतात तितकी जाड कधीच नव्हती. जयंत नारळीकरांना आपण खगोलशास्त्रज्ञ म्हणतो, पण केंब्रिजला ते रँग्लर झाले ते गणितात. आणि त्यांचे वडील बनारसला गणिताचे प्राध्यापक असून काम करत होते सापेक्षतेवर.

मी एम.एस्सी.ला पुण्यात, विद्यापीठात आले. गणेशखिंडीतल्या त्या झाडीत पहिल्याच सत्रात गणितानं मला गाठलं. स्फटिकांचं प्रकरण सुरू झालं आणि सर म्हणाले, बत्तीस पॉइंट ग्रुप, ग्रुप थिअरी तुम्हाला येतच असेल. नव्हती येत. ती टी.वाय. मॅथ्सला असते. पुस्तकं चाळली, व्याख्या पाठ केल्या, डोक्यात उजेड पडेना. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले, तेव्हा धीर करून गणिताच्या सरांकडे गेले. बॅच बुडाल्यानंतर प्रथमच.

काकूंनी फराळाची ताटली आणली. चकली, चिवडा, नारळाच्या वड्या. मी अडखळत सांगितलं, ग्रुप समजत नाही. सरांनी एक वडी उचलली, वर्तमानपत्रावर ठेवली, भोवती पेन्सिलीनं चौकट आखली. "नीट चौरस आहे असं समज, तुझ्या काकूंच्या हाताला तेवढी सूट दे. आता ही उचलून, फिरवून, उलटी करून, पुन्हा याच चौकटीत बसवायची. किती तऱ्हा?"

मी वडी हातात घेतली. पाव फेरी, अर्धी फेरी, पाऊण फेरी. तीन. मग उलटवून: आडव्या मध्यरेषेवर, उभ्या मध्यरेषेवर, एका कर्णावर, दुसऱ्या कर्णावर. चार. उलटवताना खोबऱ्याचे कण पेपरवर सांडले. "सात," मी म्हणाले.

"आणि आठवी?"

मी पुन्हा मोजलं. सातच.

"काहीच न करणं," सर म्हणाले. "उचलायची आणि होती तशी ठेवायची. तीही मोजावी लागते. आठवी नसेल तर गट होत नाही."

गणितात ग्रुपला मराठीत गट म्हणतात, आणि सर मराठी माध्यमातले. त्यांनी 'गट' म्हणणं अगदी स्वाभाविक होतं. ते मुद्दाम म्हणाले की नाही, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. काकू आत होत्या. मी माफी मागायला तोंड उघडलं असावं, पण सरांनी लगेच पुढचा प्रश्न टाकला: आता दोन तऱ्हा एकामागून एक कर, आणि मग त्याच दोन उलट्या क्रमानं, उत्तर तेच येतं का बघ. येत नव्हतं. पाव फेरी आधी आणि उलटवणं नंतर, किंवा आधी उलटवणं आणि मग फेरी, वडी वेगळी बसायची. दोन तास गेले. त्या वडीच्या शेवटी शेवटी इतक्या कडा झडल्या की तिला कुठलीच सममिती उरली नाही. सरांनी ती खाऊन टाकली.

या सगळ्यात मला सर्वांत जवळचा वाटतो तो भौतिकशास्त्रज्ञ अमलकुमार रायचौधुरींचा किस्सा. ते कोलकात्याचे. वडील शाळेत गणिताचे शिक्षक, मुलाला गणिताचं विलक्षण वेड. पण वडिलांचं स्वतःचं फारसं भलं झालेलं नव्हतं, म्हणून कॉलेजात ऑनर्सला गणित घेण्यापासून मुलाला परावृत्त केलं गेलं. त्यांनी फिजिक्स घेतलं. पुढे १९५५ मध्ये त्यांनी जे समीकरण मांडलं ते त्यांच्याच नावानं ओळखलं जातं: एकत्र निघालेल्या वाटांचा जुडगा पुढे जाताना कसा पसरतो, कसा आवळत येतो, कसा पिळला जातो. नीट पाहिलं तर तो मूळचा भूमितीचा हिशोब आहे. आइन्स्टाइनची समीकरणं त्यात घातली की गुरुत्वाकर्षण त्या वाटांना एकत्र ओढतं हे बाहेर पडतं, आणि पेनरोझ व हॉकिंग यांच्या कृष्णविवरांच्या आणि विश्वारंभाच्या सिद्धान्तांमागे तो हिशोब उभा आहे. ज्या मुलाला गणित घेऊ दिलं नाही त्यानं फिजिक्सच्या ओसरीवर बसून भूमितीच केली. एका गणिताच्या शिक्षकालाच गणिताची धास्ती वाटावी, यातलं दुःख मला अण्णांमुळे कळतं. अण्णाही शाळेत गणितच शिकवायचे.

भाचीला मी यातलं किती सांगितलं? डी एक्सचं सांगितलं. डिरॅकचं सांगितलं. आठव्या नावाचं नाही सांगितलं. ते पहिल्यांदा इथंच लिहिते आहे. धुळीचंही राहून गेलं, डाळ परत चढवायची होती.

गुरुवारी दुपारी तिचा व्हॉट्सअॅपवर फोटो आला. फोनचा कॅमेरा मायक्रोस्कोपच्या आयपीसला चिकटवून काढलेला: काळी-पिवळी कडी, जरा हललेली. मधला ठिपका पिवळा. खाली मेसेज: "मावशी हे बघ, उलटं आलं. सगळे म्हणाले तसंच राहू दे."

मी लिहिलं, "पुसलंस का?"

"आधी तसंच पूर्ण रीडिंग घेतलं. मग पुसून परत घेतलं. थांब, ग्राफ पाठवते."

ग्राफ आला. एकाच कागदावर दोन रेघा, एकमेकींना समांतर, मध्ये बोटभर अंतर. त्या अंतराला तिनं लाल पेननं बाण काढला होता आणि लिहिलं होतं, "धुळीची जाडी?" त्याखाली ती जाडी काढायला घेतली होती; चार ओळींची आकडेमोड, अर्धवट सोडलेली. मी पुसलं होतं, सरांनी वजाबाकी केली होती. कणाची जाडी मोजायचं आम्हा दोघांच्याही मनात आलं नव्हतं.

मी चष्मा लावून ती आकडेमोड दोनदा वाचली. मग लिहिलं, "छान. पण भिंग उचललेलं असताना तू ज्याला पहिलं कडं म्हणतेस, ते पहिलंच कशावरून?"

निळ्या खुणा झाल्या. मग वर 'टायपिंग' दिसायला लागलं, थांबलं, पुन्हा दिसायला लागलं.